हिरड्यांतून रक्त येते, पण दुखत काहीच नाही: काय करावे?

आपण लिहिले आहे की आपले वय ४२ आहे, दोन वर्षांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले आणि गेल्या सात-आठ महिन्यांपासून दात घासताना खालच्या पुढच्या दातांजवळून व उजवीकडच्या वरच्या दाढांजवळून रक्त येते. दुखत मात्र काहीच नाही. रक्त दिसू लागल्यापासून आपण त्या जागी ब्रश फिरवणे टाळता. दंतवैद्यांनी दात साफ करून घेण्यास सांगितले, परंतु एकदा दात साफ केले की ते हलू लागतात असे घरातली मंडळी म्हणतात. आपल्या आईचे सर्व दात पन्नाशीच्या आत पडले, त्यामुळे आपलेही पडणारच असतील तर हात कशाला लावायचा, असा आपला मूळ प्रश्न आहे. त्याबरोबरच सासूबाईंची मिशरी आणि गरोदर असलेल्या धाकट्या बहिणीच्या सुजलेल्या हिरड्या यांविषयीही आपण विचारले आहे. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी केवळ हिरड्यांच्या रोगांवर उपचार करत आलो आहे आणि आपण मांडलेली प्रत्येक शंका मी शेकडो वेळा ऐकली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट आजच्या रात्रीपासून बदला. जिथून रक्त येते ती जागा टाळू नका. उलट तिथेच मऊ ब्रशने, सावकाश, पण नीट घासा. ब्रश लागल्यामुळे हिरडीला जखम होते आणि म्हणून रक्त येते, असा बहुतेकांचा समज असतो. निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. रक्त येते ते हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून, आणि ती सुजते तिच्या कडेशी साचलेल्या जंतूंच्या थरामुळे. आपण त्या जागी ब्रश फिरवणे सोडले की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते आणि सूज वाढली की नुसता हात लागला तरी रक्त येते. या चक्रात माणसे वर्षानुवर्षे अडकून पडलेली मी पाहिली आहेत, आणि ती सगळी काळजीपोटीच अडकलेली असतात.

हा थर म्हणजे अडकलेले अन्नकण नव्हेत. दात स्वच्छ घासल्यानंतर काही मिनिटांतच त्याच्यावर लाळेतील प्रथिनांची पातळ साय धरते, तिच्यावर जंतू चिकटतात आणि एकमेकांना धरून चिकट, पिवळसर पांढरी वसाहत करतात. दंतवैद्य तिला प्लाक म्हणतात. नखाने दात खरवडला तर नखात जे मऊ पांढरे येते ते हेच. नुसती चूळ भरून तो निघत नाही, कारण तो चिकटलेला असतो. तो घासूनच काढावा लागतो. काही दिवस तसाच राहिला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून त्याचा दगडासारखा कडक थर होतो. त्यालाच आपण कीटण म्हणतो. आपले रक्त नेमके खालच्या पुढच्या दातांजवळून आणि वरच्या दाढांजवळून येते, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटले नाही. लाळेच्या मोठ्या ग्रंथींची तोंडे जिभेखाली, खालच्या पुढच्या दातांच्या मागे, आणि गालाच्या आतून वरच्या दाढांसमोर उघडतात, त्यामुळे कीटण सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त याच दोन जागी धरते. कीटणाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर नवा प्लाक सहज बसतो आणि घरचा कोणताही ब्रश ते काढू शकत नाही.

प्लाक आणि हिरडीची सूज यांचे नाते किती थेट आहे हे डेन्मार्कमधील आर्हूस येथे दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली दाखवून दिले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. माझ्या विद्यार्थिदशेत हा प्रयोग वाचला तेव्हापासून मी तो रुग्णांना सांगत आलो आहे, कारण त्याचा दुसरा भाग फार आश्वासक आहे. सूज केवळ हिरडीपुरती असेल तर ती पूर्ण बरी होते, मागे काही राहत नाही.

तिथे थांबली नाही तर मात्र गोष्ट बदलते. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक उथळ खाच असते. निरोगी माणसात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर असते. सूज दीर्घकाळ राहिली की काही लोकांत दाताला धरून ठेवणारे तंतू सुटू लागतात, खाच ४, ५, ७ मिलिमीटर खोल होते आणि तिचा खिसा बनतो. त्या खिशात ब्रशचे केस पोहोचत नाहीत, हवा पोहोचत नाही, आणि अशा जागी वाढणारे जंतू अधिक त्रासदायक असतात. त्यांच्याशी लढताना शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा दाताभोवतीचे हाड झिजवते. जुन्या पिढीतील लोक याला पायरिया म्हणतात. झिजलेले हाड बहुतांशी परत येत नाही. या सगळ्या काळात दुखत नाही, हीच या रोगाची सर्वांत मोठी अडचण आहे. किडलेला दात ठणकतो म्हणून माणूस रात्री अकरा वाजता दवाखान्याचे दार ठोठावतो, परंतु हाड निम्मे झिजले तरी हिरडीचा रुग्ण जेवतो, हसतो आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. दात हलू लागला, दोन दातांत फट पडली किंवा चावताना दाढ बोचू लागली की तो येतो, आणि तोपर्यंत बरेच काही हातातून गेलेले असते. रक्त हीच या रोगाची लवकर मिळणारी खूण आहे, आणि आपल्याला ती मिळाली आहे.

आता आईविषयी. आपली भीती निराधार नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की हा रोग कुणाला किती होतो यातील सुमारे निम्मा फरक अनुवंशाने ठरतो. याच हाराल्ड लो यांनी पुढे श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांचा १९७० पासून पंधरा वर्षे मागोवा घेतला. या मजुरांना दात घासण्याची सवय नव्हती आणि दंतवैद्यकीय उपचार त्यांच्यापर्यंत कधी पोहोचले नव्हते. सर्वांच्याच दातांवर थर आणि कीटण होते, तरीही सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्के लोकांत मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्के लोकांत हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणजे शरीराचा स्वभाव प्रत्येकाचा वेगळा असतो. आपण कदाचित त्या ८ टक्क्यांसारख्या असाल. तपासल्याशिवाय ते सांगता येणार नाही. परंतु तसे असेल तर त्याचा अर्थ हात लावू नये असा होत नाही. ज्याच्या शेताला उतार जास्त, त्याने बांध अधिक जपायचा असतो. आईच्या काळी त्यांच्या गावात हिरड्यांचे मोजमाप करणारे कुणी असण्याची शक्यता फार कमी होती. हलणारा दात काढणे हाच बहुधा एकमेव उपचार होता. आपली परिस्थिती तशी नाही.

दात साफ केल्याने ते हलतात, या समजुतीवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण या एका समजुतीने महाराष्ट्रात जितके दात घालवले असतील तितके बहुधा गोडाच्या हौसेनेही घालवले नसतील. ही समजूत खोट्या अनुभवावर उभी नाही. लोकांना जे जाणवते ते खरेच असते, त्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातो. हाड झिजलेले असते, दात आतून सैल झालेले असतात, परंतु दातांमधील फटींत कीटणाची भिंत तयार झालेली असते आणि ती दातांना एकमेकांशी सिमेंटने जोडल्यासारखे धरून ठेवते. ती भिंत काढली की दात आधीपासून किती हलत होते ते प्रथमच कळते. सुजलेली हिरडी स्वच्छतेनंतर ओसरते, त्यामुळे दात लांब दिसू लागतात आणि फटी मोकळ्या दिसतात. कीटणाखाली झाकलेले मूळ उघडे पडल्यामुळे काही दिवस, क्वचित काही आठवडे, थंड पाणी दातांना झोंबते. हे सारे आधी समजावून सांगितले नाही तर रुग्णाला वाटणारच की डॉक्टरांनी दात खराब केले. सूज उतरून हिरडी दाताला घट्ट लागली की बऱ्याच दातांची हालचाल पुढच्या काही आठवड्यांत कमी होते, हे मात्र तोवर दवाखाना सोडून गेलेल्या रुग्णाला कधीच कळत नाही. यंत्राने दाताचे वरचे आवरण घासून जाते ही भीतीही मनातून काढा. कंप पावणाऱ्या टोकाने आणि पाण्याच्या फवाऱ्याने कीटण सुटे होते. कुशल हाताने केलेल्या सफाईत निरोगी दाताचे आवरण झिजत नाही.

दवाखान्यात गेल्यावर केवळ सफाई करून परत येऊ नका. आपले वय, मधुमेह आणि आईचा इतिहास पाहता आपल्या हिरड्यांचे मोजमाप झाले पाहिजे. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा जागी हलकेच घालून खाचेची खोली मोजतात आणि कुठे रक्त आले त्याची नोंद करतात. त्याबरोबर क्ष-किरण चित्र काढून हाडाची पातळी पाहतात. 'माझ्या हिरड्यांची मापे लिहून द्या' असे आपण स्पष्टपणे मागा. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सगळीकडे ३ मिलिमीटरच्या आत असेल आणि हाड शाबूत असेल तर साधी सफाई आणि घरची काळजी पुरेशी आहे. ४ किंवा ५ मिलिमीटरचे खिसे असतील तर हिरडीखालील मुळांचीही सफाई करावी लागते. ती भूल देऊन, दोन किंवा अधिक भेटींत होते. त्यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे असते. तेव्हाही ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल आणि रक्त येणारे खिसे उरले असतील तरच हिरडी उघडून सफाई करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. बहुतेकांना ती लागत नाही. खर्चाची चिंता असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबईतील महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, आणि गोव्यातील वाचकांसाठी बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे वेळ जातो, एका कामाला चार फेऱ्या पडतात, परंतु मोजमाप आणि उपचार पद्धतशीर होतात.

मधुमेहाकडे येतो. आपण शेवटचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ८.१ लिहिला आहे. रक्तातील साखर सतत जास्त असली की जंतूंना तोंड देण्याची आणि जखम भरण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे हिरड्यांचा रोग अधिक वेगाने वाढतो. हे बरेच लोक जाणतात. उलट दिशाही तितकीच खरी आहे हे कमी लोकांना ठाऊक असते. हिरड्यांतील दीर्घकाळची सूज शरीरभर दाहक द्रव्ये सोडते आणि इन्सुलिनचे काम अवघड करते. हिरड्यांवर उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.३ ते ०.४ अंकांनी उतरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे. त्याने मधुमेहाची गोळी बंद होणार नाही, परंतु एखादे जादा औषध जोडून जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपास जाणारा हा फरक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या हिरडीरोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मधुमेह आणि धूम्रपान यांना रोगाच्या वेगाचे निकष म्हणून स्थान दिले आहे, आणि त्यात एचबीएवनसी ७ किंवा त्याहून अधिक असलेला रुग्ण सर्वांत वरच्या जोखमीत धरला जातो. आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना हिरड्यांविषयी आवर्जून सांगा आणि दंतवैद्यांना एचबीएवनसीचा कागद दाखवा. दोन्ही डॉक्टर एकाच गावात असूनही एकमेकांशी कधी बोलत नाहीत, हे मला फार खटकत आले आहे. तो निरोप रुग्णानेच न्यावा लागतो. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळीने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात आणि खाली स्वच्छता अशक्य होते. मात्र गोळी स्वतःहून थांबवू नका.

आता घरची काळजी, ज्यावर पुढची तीस वर्षे अवलंबून आहेत. ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा घ्या. कडक ब्रशने दात अधिक स्वच्छ होत नाहीत, हिरडी मात्र खाली सरकते आणि मुळाजवळ खाच पडते. ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके, अंदाजे ४५ अंशांत टेकवा, म्हणजे केसांची टोके खाचेत किंचित शिरतील. मग ब्रश जागच्या जागी अगदी थोडा, थरथरल्यासारखा हलवा आणि दोन-दोन दात घेत पुढे सरका. भांडे घासल्यासारखे आडवे जोरात घासू नका. ब्रश पेनासारखा बोटांत धरला तर जोर आपोआप कमी होतो. बाहेरची बाजू सगळेच घासतात, जिभेकडची बाजू बहुतेक जण विसरतात, म्हणून सुरुवातच खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करा. पूर्ण तोंडाला किमान दोन मिनिटे लागतात. एकदा घड्याळ लावून पाहा. आपल्याला वाटणारी दोन मिनिटे प्रत्यक्षात चाळीस-पन्नास सेकंदांची असतात. ब्रशचे केस पसरले की, आणि न पसरले तरी तीन महिन्यांनी, तो बदला.

आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी दात घासण्याची रीत पक्की आहे आणि रात्री मात्र जेवण झाले की चूळ भरून झोपायचे. झोपेत लाळ फार कमी होते आणि तोंडाची नैसर्गिक धुलाई जवळजवळ थांबते, म्हणून रात्री स्वच्छ दातांनी झोपणे अधिक महत्त्वाचे आहे. रोज दोनदा घासणे हेच योग्य, पण ज्या दिवशी एकदाच जमणार असेल त्या दिवशी ते रात्री करा. टूथपेस्ट फ्लोराइडची असावी. हिरडीसाठी तिचे काम दुय्यम आहे, दात किडण्यापासून वाचवण्यासाठी ती लागते. घासून झाल्यावर थुंका, आणि भराभर चुळा भरून फ्लोराइड वाहून जाऊ देऊ नका.

ब्रश कितीही उत्तम वापरला तरी तो दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाही, आणि हिरडीचा रोग बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. या मुद्द्यावर मी हट्टी आहे. माझ्या अनुभवात ज्या रुग्णांनी फटी रोज साफ करण्याची सवय लावून घेतली त्यांचे दात टिकले, आणि ज्यांनी महागड्या पेस्ट बदलल्या पण फटींना हात लावला नाही ते दर वर्षी नवे खिसे घेऊन आले. दात अगदी चिकटून असतील तर दातांचा दोरा, म्हणजे फ्लॉस, वापरा. तो दोन बोटांना गुंडाळून हलकेच खाली उतरवायचा, एका दाताला चंद्रकोरीसारखा वळवून वर-खाली घासायचा आणि मग शेजारच्या दातालाही तसेच करायचे. कचकन दाबून हिरडीत घुसवायचा नाही. आपल्या वयात आणि विशेषतः सफाईनंतर फटी थोड्या मोकळ्या झाल्या असतील तर बाटली घासायच्या ब्रशासारखा दिसणारा, तारेवर बारीक केस असलेला छोटा ब्रश अधिक उपयोगी ठरतो. त्याची मापे वेगवेगळी असतात. फटीत किंचित घट्ट बसेल पण जोर करावा लागणार नाही असे माप दंतवैद्यांकडून निवडून घ्या. पुढच्या आणि मागच्या दातांसाठी दोन वेगळी मापे लागणे नेहमीचे आहे. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फटींतून रक्त येईल, त्याला घाबरू नका. टाचणी, सेफ्टी पिन आणि काडेपेटीची काडी यांना मात्र तोंडापासून लांब ठेवा.

घरगुती उपायांविषयी लोक विचारतात तेव्हा मी कशालाही सरसकट वाईट म्हणत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला आराम वाटतो. तिळाच्या तेलाच्या गुळण्या करायच्या असतील तर कराव्यात. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून तिचा मऊ कुंचला करून वापरली तर बाहेरची बाजू बऱ्यापैकी स्वच्छ होते, जरी आतल्या बाजूला आणि दाढांच्या मागे ती पोहोचत नाही. यांतील काहीही फटींतील थर काढत नाही, एवढे लक्षात ठेवावे. तुरटीच्या पाण्याबाबत मात्र सावध राहा. तुरटीने हिरडी आकसते, रक्त थांबते आणि माणूस निर्धास्त होतो. थर आणि कीटण जिथल्या तिथे असतात. राखुंडी, कोळशाची पूड आणि विटेची भुकटी दात झिजवतात, ती वापरू नये. क्लोरहेक्सिडिनच्या औषधी गुळण्या चांगल्या आहेत, परंतु त्या सफाईनंतर दंतवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपुरत्या, बहुधा दोन आठवडे, घ्यायच्या असतात. जास्त काळ घेतल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. टूथपेस्टनंतर लगेच त्या घेतल्यास परिणाम कमी होतो, मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकांच्या गोळ्या घेणे तर पूर्णपणे टाळा. चिकट थरात बसलेल्या जंतूंपर्यंत त्या नीट पोहोचत नाहीत आणि चार दिवस बरे वाटून दवाखान्याची भेट पुढे ढकलली जाते.

सासूबाईंची मिशरी हा नाजूक विषय आहे, कारण त्यांच्यासाठी ती दात घासण्याची वस्तू आहे, व्यसन नव्हे. भाजलेल्या तंबाखूची ती पूड असते, आणि हिरड्यांवर चोळल्यावर निकोटिन थेट रक्तात जाते; म्हणून दिवसातून एकदा लावणारी बाई काही वर्षांत चार-पाच वेळा लावू लागते आणि लावली नाही तर तिला शौचाला होत नाही, डोके दुखते. २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले होते, आणि त्यात मिशरी लावणाऱ्या स्त्रियाही होत्या. मिशरीने हिरडी मुळापासून सरकते, दात झिजतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मिशरी सोडली की दात दुखतात असे त्या म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, कारण उघडी पडलेली मुळे तंबाखूने बधिर झालेली असतात. म्हणून नुसते सोडा म्हणण्याऐवजी आधी त्यांना दंतवैद्यांकडे घेऊन जा, मुळांच्या झोंबण्यावर उपाय करा आणि त्याच वेळी ब्रश हाती द्या. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय विनामूल्य क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते. गालात किंवा जिभेखाली पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड उघडताना ताठरपणा दिसला तर मात्र एक दिवसही थांबू नका. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर हेही सांगून ठेवतो की धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. खाली हाड झिजत असतानाही वरून हिरडी फिकट आणि घट्ट दिसते. त्यांनी रक्ताची वाट पाहू नये, वर्षातून एकदा मापे घ्यावीत.

बहिणीला धीर द्या. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे हिरड्या त्याच थराला अधिक तीव्र प्रतिसाद देतात, म्हणून सूज आणि रक्त वाढते. बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम ओढून घेते ही समजूत चुकीची आहे. दात साफ करणे गरोदरपणात सुरक्षित आहे आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. सकाळच्या उलट्यांनंतर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने करावा.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. ब्रश न लावताही हिरड्यांतून आपोआप रक्त झिरपणे, अंगावर निळे डाग उठणे, ताप किंवा असाधारण थकवा यांपैकी काही जोडीला असेल तर कारण दातांत नसून रक्तात असू शकते. अशा वेळी आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ततपासणी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता दंतवैद्यांना आधी कळवावी.

आपल्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही, म्हणून क्रम असा ठेवा. आज रात्रीपासून रक्त येणाऱ्या जागी नीट ब्रश, या आठवड्यात दंतवैद्यांची वेळ घेऊन मापे आणि सफाई, त्याच भेटीत फटींच्या ब्रशचे माप. सफाईनंतर दोन आठवड्यांनी आरशासमोर उजेडात उभे राहून पाहा. हिरडीची कड लाल आणि फुगीर होती ती फिकट गुलाबी आणि घट्ट दिसू लागली असेल, आणि फटीत ब्रश घातल्यावर रक्त येत नसेल, तर आपण योग्य वाटेवर आहात. एखाद्याच जागी रक्त चालू राहिले तर तो दात लक्षात ठेवा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसीची नवी तपासणी घेऊन परत दाखवायला जाल तेव्हा त्या जागेचे माप सर्वांत आधी घ्यायला सांगा.